भाऊबिजेला फिंच मिळत नाहीत

दादा, निदान ते कार्ड तरी उलटं करून जायचं होतंस.

इंडियन ग्रोसरीच्या दुकानात, दाराशेजारच्या फळ्यावर, टिफिन सर्व्हिस आणि भरतनाट्यमच्या क्लासच्या मधोमध ते अजून लटकतंय. एका बाजूला ‘गोल्डियन फिंच, उपलब्ध’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सध्या उपलब्ध नाहीत, जूनमध्ये फोन करा’. जून लागला की तू जाऊन पहिली बाजू पुढे करायचास आणि गणपतीत दुसरी. अमेरिकेतल्या आपल्या या अख्ख्या कॅरी गावात माल नाही हे सांगायला जाहिरात लावणारा माणूस तू एकटाच. बाकीचे लोक माल संपला की जाहिरात काढून टाकतात, हे मी तुला कितीदा सांगितलं असेल. तू म्हणायचास, पक्षी म्हणजे काय साबण आहे का बारा महिने मिळायला, लोकांना हे कळलं पाहिजे. यंदा गणपती बसले, उठले, आणि तू कार्ड उलटं केलं नाहीस. त्यामुळे तू गेलास तरी तुझा फोन वाजतोच आहे. वहिनी सांगते, पक्षी नाहीत. समोरचा म्हणतो, अहो पण कार्डावर तर आहेत म्हणून लिहिलंय. मग ती बिचारी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगते. हे तिला करायला लावल्याबद्दल मी तुझ्यावर किती चिडले आहे, हे तुझ्या कानावर घालायलाच मी लिहायला बसले.

तुझ्या पक्ष्यांचं वर्ष आणि आपल्या लोकांचं वर्ष कधी जुळलंच नाही. हिवाळाभर पिल्लं निघायची. ती इतकी मातकट हिरवी की याच पोराला पुढे जांभळी छाती, पिवळंधमक पोट आणि लाल तोंड येणार आहे हे सांगून कुणाला खरं वाटू नये. थंडी सरता सरता जुनी पिसं गळायची, नवी यायची, आणि ते रंग पुरे होईपर्यंत तू एक पक्षी दाराबाहेर जाऊ द्यायचा नाहीस. पिसं बदलताना पक्षी नाजूक असतो, जागा बदलली तर टिकत नाही, हे तू फोनवर इतक्यांदा सांगितलंस की वहिनी झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. जूनमध्ये पक्षी तयार. आणि जूनमध्ये शाळा सुटल्या म्हणून आपली झाडून सगळी मंडळी इंडियाला. तू रंगीत पक्षी घेऊन सनरूममध्ये बसलेला आणि तुझी गिऱ्हाइकं विमानात. ज्यांनी मागच्या वर्षी नेले होते तेसुद्धा जाताना पिंजरे तुझ्याच दारात ठेवून जायचे, आम्ही येईपर्यंत सांभाळा काका म्हणून. विकलेले पक्षी दर उन्हाळ्यात माहेरपणाला परत. पुढे दिवाळी तोंडावर आली की सगळ्यांना एकदम उमाळा यायचा, मुलांना गिफ्ट द्यायचंय, पाडव्याला बायकोला द्यायचंय. आणि तू त्याच ठरलेल्या आवाजात म्हणायचास, आत्ता नाही.

या सगळ्या गिऱ्हाइकांत सर्वात जुनी मी. तुझ्यामागून या गावात आले, तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर घर घेतलं, आणि दर भाऊबिजेला तुला ओवाळून झाल्यावर तबक बाजूला न ठेवता म्हणत आले, की पैसे नकोत, साडी नको, एक जोडी दे. आणि तू दर भाऊबिजेला, कपाळाला कुंकू, तोंडात अनारसा, अशा अवस्थेत म्हणत आलास, “मिने, आत्ता जोड्या बसल्यात. जूनमध्ये बघू.” जोड्या बसल्या म्हणजे अंड्यांवर. जूनमध्ये मी नागपूरला, सासरी. परत येईपर्यंत उरलेले पक्षी कुणीतरी नेलेले असायचे, किंवा तू ते पुढच्या जोड्या लावायला राखून ठेवलेले असायचे. मी भांडायचे. सख्ख्या बहिणीसाठी एक जोडी बाजूला ठेवता येत नाही का, असं विचारायचे. तू म्हणायचास, जो समोर उभा आहे त्याला द्यायचा, बहीण समोर उभी राहिली तर तिला देईन. लहानपणी तू मला पतंगाची फिरकी धरायला लावायचास आणि पतंग उडवू द्यायचा नाहीस, त्याची मला दरवर्षी न चुकता आठवण यायची.

एका उन्हाळ्यात मी राहिले होते ना इथे. मुलीचा पाय फ्रॅक्चर झाला आणि तिकिटं कॅन्सल केली तेव्हा. जुलैमध्ये ताठ मानेने तुझ्या दारात उभी राहिले, म्हटलं, आलेय समोर, काढ जोडी. तर तू म्हणालास, आधी किचन बघतो.

तुझी ही किचन बघण्याची पद्धत गावात सगळ्यांना ठाऊक होती. मुलगी बघायला गेल्यासारखा तू गिऱ्हाइकाच्या घरी जायचास. लोक कौतुकाने पोहे पुढे करायचे, आणि तू पोहे खाता खाता विचारायचास, तवा कुठला वापरता? नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून जे काही निघतं त्याने छोटा पक्षी मिनिटांत मरतो, हे मला मान्य आहे. तू केमिस्ट होतास, तुला कळत होतं. पण लोकांच्या देवघरापर्यंत जायचं? उदबत्ती किती लावता, धूप घालता का, फोडणी करताना एक्झॉस्ट चालू असतो का? वहिनीने तर सणावारांची सगळी हौस तुझ्या पक्ष्यांपायी डेकवर नेऊन ठेवली. तुमच्याकडे गणपतीची आरती दारं लावून, बाहेर, डेकवर. गणपती आत, कापूर बाहेर, आम्ही सगळे काचेतून मूर्तीकडे बघत टाळ्या वाजवतोय, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा ‘घालीन लोटांगण’ला दरवेळी सूर धरतोय. नवे लोक हसायचे. आम्ही जुन्यांनी हसणं सोडून दिलं होतं.

तर तू माझ्या किचनमध्ये आलास, ड्रॉवर उघडलास, आणि माझा डोशाचा तवा दोन बोटांनी असा उचललास की त्यात पाल मेलेली असावी. हा घरात असेपर्यंत जोडी मिळणार नाही, म्हणालास. मी म्हटलं, माझ्या घरात कुठला तवा ठेवायचा हे तू ठरवणार नाहीस. तू गाडीत बसून निघून गेलास. राखीपौर्णिमेपर्यंत आपण बोललो नाही, आणि राखी बांधताना मी गाठ जरा जास्तच आवळली. त्या भांडणात माझं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. तो तवा उत्तम आहे.

हे सगळं खरं, आणि तरी एक हिवाळा मला विसरता येत नाही. माझी नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत डोक्यावर होती, घरात सगळे मला सांभाळून बोलत होते आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. तू एका सकाळी मला घेऊन गेलास आणि सनरूममधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलंस. “इथे बस. बोलू नकोस, जोड्या बसल्यात.” एवढंच. नोकरीबद्दल चकार शब्द नाही, धीर देणं नाही, उपदेश नाही. मी रोज तिथे लॅपटॉप घेऊन बसायचे, अर्ज भरायचे, आणि समोर ते पक्षी घरट्यासाठी टांगलेल्या आपापल्या खोक्यांत आत-बाहेर करत राहायचे. मधूनच तू चहा ठेवून जायचास. खोक्यांत डोकावायला मात्र तू मला एकदाही दिलं नाहीस. आत अंधारात पिल्लांनी दिवाळी लावलेली असते, असं काहीतरी सांगायचास. मला वाटायचं, हा थापा मारतोय. नोकरी मिळाल्याचा फोन मी त्याच खुर्चीत घेतला, आणि पक्षी उठतील म्हणून कुजबुजत ‘थँक यू’ म्हणाले. त्या हिवाळ्याचे मी तुझे आभार मानले नाहीत, कारण तू मानू दिले नसतेस. आता मानते. ऐकून घे.

पण आता राहिलेलं भांडण. ते मी सोडणार नाही.

गणपतीत तू आमच्याकडे आलास तो दर्शनाला नव्हे, शेंड्या गोळा करायला. दरवर्षी तू असाच घरोघर फिरायचास, पिशवी घेऊन. पूजेचा नारळ सोलला की त्याची शेंडी टाकू नका, माझ्या पक्ष्यांना घरट्याला लागते. गावातल्या सगळ्या बायकांना हे पाठ होतं, काहीजणी तर वर्षभराच्या शेंड्या साठवून ठेवायच्या. यंदा मी तुला आमच्या कलशावरच्या नारळाची शेंडी दिली, कुंकू लागलेली, आणि तू ती पिशवीत टाकताना डावा खांदा चोळलास. मी विचारलं. तू म्हणालास, अ‍ॅसिडिटी. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी खांद्यात होते का? जन्मभर औषधांच्या कंपनीत काम केलेला माणूस तू, आणि जिऱ्याचं पाणी पितोयस. मी म्हटलं, आत्ता चल, मी ड्राइव्ह करते. रात्री पुन्हा फोन केला. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून केला. तिन्ही वेळा तू तेच म्हणालास.

“जोड्या बसू देत गं. मग जातो डॉक्टरकडे.”

जोड्या बसल्या, दादा. तू स्टुलावर चढून सगळी खोकी टांगलीस, एकेकात शेंड्यांचा काथ्या भरलास, सगळं यथास्थित केलंस, आणि त्याच आठवड्यात, डॉक्टरची वेळ घ्यायच्या आत गेलास. जगातल्या प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे एकच उत्तर होतं, आत्ता नाही. इंडियाला येतोस का, आत्ता नाही. चुलतभावाच्या मुलाचं लग्न, आत्ता नाही. वहिनीला सनरूममध्ये झोपाळा हवा होता, आत्ता नाही. ते सगळं मी हसण्यावारी नेलं. पण हे नेता येत नाही. मूठभरसुद्धा नसलेल्या पाखरांसाठी तू तुझ्या खांद्याचं दुखणं पुढे ढकललंस, आणि लोक मला भेटायला येऊन सांगत होते की काका कसे पक्ष्यांवर प्रेम करायचे. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटत होतं.

त्यामुळे रोहन जेव्हा म्हणाला की सगळे पक्षी देऊन टाकू, तेव्हा सर्वात आधी हो मी म्हटलं. तुझा लेक शहाणा आहे, तुझ्यावर गेलेला नाही. त्याच्या गावाहून, श्रूजबरीहून आला, सगळं नीट केलं, आईला तिकडे घेऊन जायचा विषय काढला, तिने नको म्हटल्यावर ताणला नाही. परत जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “आत्या, आईला हे झेपणार नाही. एक माणूस आहे, ही विल टेक ऑल ऑफ देम. पिंजरे, खोकी, सगळं. वन ट्रिप.” तो माणूस दोन तास लांबून येणार होता, घाऊक पक्षी घेऊन बाजारात विकणारा. तू त्याला फाटकात उभं केलं नसतंस. मी म्हटलं, बोलाव. भाऊबिजेनंतरचा शनिवार ठरला. वहिनी रोज दोन वेळा दाणा-पाणी घालत होती, अंडं उकडून कुस्करून ठेवत होती, आणि मी त्या खोलीकडे पाठ करून किचनमध्ये उभी राहायचे. तू गेल्यापासून त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. टाकणारही नव्हते.

भाऊबीज आली. तुमच्याकडे यंदा सण नाही, कंदील नाही, दारात पणती नाही. वहिनीने मला साधं वरण-भात जेवायला बोलावलं. आम्ही दोघीच. जेवण झाल्यावर तिने ताटं उचलली आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, “शनिवारी तो माणूस येईल. त्याच्या आधी तुझी जोडी काढून घे. ह्यांनी इतकी वर्षं दिली नाही, मी देते. भाऊबीज समज.”

मला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं जे मागितलं ते असं मिळणार होतं, नाही म्हणायला तू नसताना. मनात म्हटलं, घेतेच. बघतेच कोण अडवतंय. ओट्यावरचा छोटा पिंजरा उचलला आणि तुझ्या खोलीचं दार उघडलं.

तुझा टायमर लागलेला होता, दिवे मंद व्हायला लागले होते. प्लास्टिकची खुर्ची तिथेच. पक्षी मला बघून फांदीवर जरा सरकले, आणि मग सगळ्या खोक्यांमधून एक बारीक, घाईघाईचा आवाज यायला लागला. मी कोपऱ्यातल्या खोक्याशी गेले, कारण त्यातली लाल तोंडाची मादी मला पहिल्यापासून आवडते. ती भुर्रकन बाहेर आली आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिली. मी फोनचा टॉर्च अगदी मंद केला, आणि तू कधीच जे करू दिलं नाहीस ते केलं. आत डोकावले.

पिल्लं होती. डोळे मिटलेली, पिसं नसलेली, एकमेकांवर रेललेली, चोची वासलेली. आणि प्रत्येकाच्या तोंडाच्या कोपऱ्यात निळ्या मण्यांसारखे ठिपके. त्या एवढ्याशा उजेडात लखलखत होते, खोकंभर. तू थापा मारत नव्हतास. टॉर्च विझवायच्या आधी मला दिसलं, घरटं काथ्याचं आहे आणि त्यातल्या काही धाग्यांना लाल रंग आहे. कलशावरच्या नारळाचं कुंकू. तेवढ्या सगळ्या बायकांच्या शेंड्या आणल्या होत्यास, माझीच असेल असं नाही. पण मी माझीच समजले.

शनिवारी तो माणूस ही खोकी उतरवणार, गाडीत घालणार, दोन तास हलवत नेणार. मोठे पक्षी कदाचित जगतील. पिल्लांकडे त्यांचे आईबाप परत फिरकणार नाहीत. हे मला कुणी सांगावं लागलं नाही, तूच डोक्यात भरवून ठेवलंयस, वर्षानुवर्षं, मला नको असताना. मी तिथे उभी राहून तुला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, कारण पक्षी उठतील. मादी माझ्याकडे बघत होती. मी मागे सरकले तशी ती आत गेली, आणि तो बारीक आवाज एकदम वाढला आणि मग थांबला.

रिकामा पिंजरा घेऊन मी बाहेर आले. वहिनी दारातच उभी होती. काय झालं, म्हणाली, आवडली नाही का एकही?

“वहिनी, आत्ता जोड्या बसल्यात,” मी म्हटलं. “जूनमध्ये बघू.”

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खुर्चीत बसली, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. आत पिल्लं आहेत हे तिला आधीपासून माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. ती रोज आत जात होती, तेव्हा समजून जा.

रोहनला मी फोन केला. त्याने आधी ‘आत्या, सीरियसली?’ असं म्हटलं, मग विचारलं की रोज कोण बघणार. मी म्हटलं, ऑफिसला जाताना मी, संध्याकाळी तुझी आई, जूनपर्यंत. जूनमध्ये जो समोर उभा राहील त्याला देऊ, किचन बघून. ‘ओके,’ म्हणाला, आणि त्याचा आवाज तुझ्यासारखा आला. घरी जाताना ग्रोसरीत थांबले. कार्ड उलटं केलं. शेजारी टिफिनची जाहिरात लावणाऱ्या बाईंनी मला विचारलं की पक्षी संपले का. मी म्हटलं, संपले नाहीत, सीझन नाही. पुढचं सगळं लेक्चरही दिलं, साबणासकट.

आता रोज सकाळी ब्लेझर घालून तुझ्या पक्ष्यांसाठी उकडलेली अंडी कुस्करते. बाहीला कवचं चिकटतात आणि मीटिंगमध्ये दिसतात. वहिनीला झोपाळ्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, आत्ता नको, कड्यांचा आवाज होईल. म्हणजे ती पण तुझ्या बाजूची झाली. तवा मात्र मी टाकणार नाही. डोसे डेकवर करीन, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

तू माझा किती छळ केलास, आणि मला किती धरून ठेवलंस, याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. खांद्याचं मी माफ केलेलं नाही, करीन असंही वाटत नाही. पण त्या लाल तोंडाच्या मादीची पिल्लं हिवाळाभर मातकट राहतील, मग रंग धरतील, आणि त्यातली एक जोडी माझी आहे. नागपूरला कळवून टाकलंय. या जूनमध्ये मी कुठेही जात नाहीये, दादा. तुझ्या दारात, अगदी समोर उभी राहणार आहे. बघू आता काय कारण सांगतोस.